दंतवैद्यांच्या ताळेबंदातील पोकळी

सोलापुरात नवी पेठ, सात रस्ता, मुरारजी पेठ किंवा जुळे सोलापूर यांपैकी कोणत्याही भागात फेरफटका मारला, तर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसल्यावाचून राहत नाही. विडी, चादर आणि टॉवेल यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराने आसपासच्या प्रदेशाचे उपचारकेंद्र म्हणूनही आपले स्थान निर्माण केले आहे. १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सहकारी व खासगी रुग्णालये आणि केगाव येथील दंत महाविद्यालय यांच्या आधाराने ही ओळख वाढत गेली. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटपासून धाराशिव आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येथे येतात. त्यात दातांचे रुग्णही आलेच. तंबाखू आणि मिश्रीच्या सवयीने त्यांची संख्या कमी होऊ दिलेली नाही.

दंतवैद्याच्या या व्यवसायाकडे तीन बाजूंनी पाहिले जाते. रुग्णाला दिसते ती फी, आयकर खात्याला दिसते ते विवरणपत्र आणि खुद्द डॉक्टरांना दिसतो तो बँकेचा मासिक हप्ता. या तिन्हींचा एकत्र हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दंतवैद्यकाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात जबड्याच्या प्रत्येक मज्जातंतूची ओळख करून दिली जाते. पण पदवी हातात पडल्यावर ज्या करव्यवस्थेत आणि कर्जव्यवहारात पुढची पस्तीस-चाळीस वर्षे काढायची, तिची तोंडओळखही होत नाही. परिणामी व्यवसायाचे आर्थिक निर्णय ऐकीव माहितीवर, मित्रांच्या सल्ल्यावर किंवा मार्चअखेरीच्या घाईत घेतले जातात. त्याची किंमत मात्र निवृत्तीच्या उंबरठ्यावर चुकवावी लागते.

अर्धा वैद्य, अर्धा कारखानदार

कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. कायद्याच्या चौकटी अशा बदलत राहिल्या तरी करआकारणीच्या दृष्टीने दंतवैद्य हा नेहमीच ‘वैद्यकीय व्यावसायिक’ गणला गेला. वकील, वास्तुविशारद, लेखापाल यांच्या पंक्तीतच त्याला बसवले गेले.

येथेच पहिली विसंगती सुरू होते. वकिलाला पुस्तके, एक कार्यालय आणि एक-दोन सहायक पुरतात. दंतवैद्याला मात्र खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, निर्जंतुकीकरणाचे उपकरण, सिमेंट, सुया, हातमोजे आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून बनवून घ्यावयाच्या कॅप व कवळ्या यांवाचून एक दिवसही काम करता येत नाही. फिजिशियनच्या तपासणी फीमधील बराचसा भाग त्याच्याकडे उरतो; दंतवैद्याला मिळालेल्या फीमधून जागाभाडे, मदतनिसांचे पगार, साहित्य आणि लॅबचे बिल आधी वजा होते. थोडक्यात, दंतवैद्य हा अर्धा वैद्य आणि अर्धा लघुउद्योजक असतो. कायदा त्याला पूर्ण वैद्य समजतो आणि तो स्वतःही उद्योजक म्हणून क्वचितच विचार करतो. आर्थिक अडचणींचे मूळ बव्हंशी या दोन गैरसमजांत आहे.

कर्ज कोणाच्या नावावर?

व्यवसायाची सुरुवात बहुतेकदा शैक्षणिक कर्जाने होते. आयकर कायद्याच्या कलम ८० ई नुसार उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची पूर्ण वजावट मिळते, तीही रकमेची कमाल मर्यादा नसताना. मात्र या सवलतीला तीन कुंपणे आहेत. ती व्याजाला मिळते, मुद्दलाला नाही. व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठच वर्षे मिळते. आणि ती फक्त जुन्या करपद्धतीत उपलब्ध आहे. ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो व्याज भरतो, त्यालाच ती घेता येते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. कर्ज करपात्र उत्पन्न नसलेल्या आईच्या नावावर असेल तर सवलत वाया जाते. नोकरदार वडिलांच्या नावावर असेल तर मुलाच्या वा मुलीच्या कमाईच्या आधीपासूनच तिचा उपयोग होऊ शकतो. प्रवेशाच्या धांदलीत हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. पण पुढील आठ वर्षांच्या कराचा एक भाग त्याच दिवशी ठरून जातो.

पदवीनंतरची पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर वा रुग्णालयात मानधनावर जातात. रुग्णालय मानधन देताना दहा टक्के कर कापून घेते. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात वर्षाकाठी ५० हजार रुपयांवरील व्यावसायिक शुल्काला लागू झाली. त्यापूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. उत्पन्न करपात्र मर्यादेत येत नाही म्हणून विवरणपत्र न भरणारा तरुण डॉक्टर आपल्याच कापल्या गेलेल्या पैशावर पाणी सोडतो. त्याहून मोठे नुकसान असे की, तीन वर्षांनी स्वतःच्या दवाखान्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक पहिल्यांदा मागते ती मागील तीन वर्षांची विवरणपत्रेच.

स्वतःचा दवाखाना थाटला की खरा पेच उभा राहतो. समजा, दहा लाख रुपयांची यंत्रसामग्री पाच वर्षांच्या कर्जावर घेतली. कर्जाचे व्याज हा व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होतो. मुद्दलाची परतफेड मात्र खर्च नव्हे. तिच्याऐवजी यंत्रांवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, तोही घटत्या मूल्यावर. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर पहिल्या वर्षी तो निम्माच. पूर्ण दराने धरले तरी पाच वर्षांत एकूण घसारा साधारण साडेपाच लाखांचा होतो. बँकेला परत केलेली मुद्दल मात्र दहा लाखांची असते. म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये हातातून गेले, तरी कराच्या दृष्टीने ते अजून ‘नफ्या’तच आहेत. त्यांची वजावट पुढील अनेक वर्षांत थेंबाथेंबाने मिळणार. ‘कागदावर नफा दिसतो, पण खात्यात पैसा नाही’ ही नव्या दवाखान्यांची तक्रार खोटी नसते. तिचे उत्तर या गणितात आहे. यावर उपाय एकच. परतफेडीची मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्याच्या जवळपास ठेवावी आणि महागडी यंत्रे शेजारच्या दवाखान्यात आली म्हणून नव्हे, तर रुग्णसंख्येने ती मागितली म्हणून घ्यावीत.

पन्नास टक्क्यांचे गृहीतक

लहान व्यावसायिकांना हिशेबाच्या जाचातून सोडवण्यासाठी २०१६ च्या वित्त कायद्याने कलम ४४ एडीए आणले. एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल तर तिच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, उरलेला निम्मा खर्च असे सरकार गृहीत धरेल. हिशेबवह्या व लेखापरीक्षण यांची गरज नाही, अशी ही योजना. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, रोखीतील जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ही मर्यादा ७५ लाख झाली. आयकर अधिनियम १९६१ ची जागा घेणारा आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी या योजनेचा गाभा कायम आहे. वाचकांच्या परिचयाचे म्हणून येथे जुनेच क्रमांक वापरले आहेत.

हे गृहीतक कोणाच्या पथ्यावर पडते आणि कोणाच्या मुळावर येते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. सोलापूर, बार्शी, पंढरपूर येथील निरनिराळ्या दवाखान्यांत ठरलेल्या दिवशी जाऊन रूट कॅनाल करणारा एक तज्ज्ञ घेऊ. त्याची वार्षिक जमा २४ लाख. प्रवास आणि काही हत्यारे सोडली तर त्याला फारसा खर्च नाही. गृहीतकानुसार त्याचे उत्पन्न १२ लाख ठरते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. कुठल्याही लपवाछपवीविना, कायद्याच्या सरळ वाटेने.

आता दुसरे उदाहरण. दोन खुर्च्यांचा दवाखाना, तीन मदतनीस, जागाभाडे, लॅब आणि इम्प्लांटचे साहित्य; जमा ६० लाख आणि प्रत्यक्ष खर्च ३८ लाख. खरा नफा २२ लाख, पण गृहीतकानुसार तो ३० लाख. त्याच वर्षाच्या नव्या दरांनी २२ लाखांवर उपकरासह कर होतो २ लाख ६० हजार. ३० लाखांवर तो ४ लाख ९९ हजारांवर जातो. हिशेबवह्या ठेवण्याच्या कंटाळ्यापोटी या डॉक्टरने सोपी वाट धरली, तर वर्षाला सुमारे २ लाख ३९ हजार रुपये जादा जातील. सनदी लेखापालाची फी आणि एका कारकुनाचा काही तासांचा पगार मिळूनही एवढी रक्कम होणार नाही. खर्च निम्म्याहून अधिक असणाऱ्याने वह्या ठेवाव्यात, लेखापरीक्षण करून घ्यावे आणि खरा नफा दाखवावा, हाच शहाणपणा. विशेष म्हणजे व्यापाऱ्यांच्या अशाच योजनेतून एकदा बाहेर पडल्यास पाच वर्षे परत येता येत नाही. व्यावसायिकांच्या योजनेला ही अट नाही. त्यामुळे दरवर्षी हिशेब मांडून निर्णय घेता येतो. मात्र त्यासाठी वर्षभराच्या नोंदी हव्यात आणि नेमक्या त्याच नसतात.

नवी की जुनी करपद्धत, हा प्रश्नही असाच सवयीने सोडवला जातो. समजा, गृहीत उत्पन्न १५ लाख आहे. नव्या पद्धतीत २०२५-२६ च्या दराने कर उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये होतो. जुन्या पद्धतीत भविष्य निर्वाह निधी व विमा यांचे दीड लाख, निवृत्तिवेतन योजनेचे ५० हजार, आरोग्य विम्याचे २५ हजार, शैक्षणिक कर्जाचे व्याज दीड लाख आणि गृहकर्जाचे व्याज दोन लाख अशा पावणेसहा लाखांच्या वजावटी घेतल्या, तर कर १ लाख १ हजार ४०० रुपयांवर येतो. म्हणजे एवढी जुळवाजुळव करून वाचले फक्त ७ हजार ८०० रुपये. ज्याच्या वजावटी याहून कमी, त्याने नव्या पद्धतीत राहावे, हे उघड आहे. पण एक फरक विसरता कामा नये. नोकरदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते. व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्याने एकदा जुनी पद्धत स्वीकारून नवीकडे परतल्यावर, व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाण्याचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. त्यामुळे हा निर्णय यंदाच्या आकड्यांवर न घेता पुढच्या पाच-सात वर्षांची कर्जे डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा लागतो.

रोखीचा मोह आणि त्याची किंमत

सोलापूरचा रुग्ण बहुधा रोजंदारीवर वा आठवड्याच्या मजुरीवर जगणारा. विडी वळणारी स्त्री, यंत्रमागावरचा कामगार, उसाचे बिल हाती आल्यावर घरातल्यांचे दात दाखवायला येणारा शेतकरी. दातांच्या बाह्यरुग्ण उपचाराला विमा सहसा लागू नसतो. खर्च खिशातूनच होतो आणि तो अनेकदा नोटांनी होतो. त्यामुळे जमा ५० लाखांपुढे गेली की पाच टक्क्यांची अट अशा दवाखान्याला जाचक ठरते. ६० लाखांच्या जमेत रोख तीन लाखांपेक्षा जास्त असता कामा नये, ही अपेक्षा मुंबईच्या उपनगरात सहज पूर्ण होईल. अशोक चौकातल्या दवाखान्यात ती पूर्ण करायची तर रुग्णालाच बदलावे लागेल.

परंतु या व्यवसायातील रोखीची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. रोख आलेल्या पैशाची नोंदच न करणे ही जुनी सवय आहे. ती नैतिकदृष्ट्या अयोग्य आहेच. आता ती व्यवहारातही महाग पडू लागली आहे. १९६२ च्या आयकर नियमावलीतील नियम ६ एफ ने वैद्यकीय व्यावसायिकाला दैनंदिन रुग्णनोंदवही, पावत्या आणि औषधसाठ्याचा तपशील ठेवणे बंधनकारक केले होते. त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, कारण तपासायला साधन नव्हते. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण. रुग्णालयाने कापलेला कर, बचत खात्यात वर्षाला दहा लाखांवर भरलेली रोख, खरेदी केलेली जागा, म्युच्युअल फंडातील गुंतवणूक, सारे काही खात्याच्या पडद्यावर एका नावाखाली दिसते. एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवशी वा एकाच कामापोटी दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. पूर्ण तोंडाच्या इम्प्लांटचा खर्च ही मर्यादा सहज ओलांडतो. हप्ते पाडून घेतले तरी उपचार एकच असल्याने सुटका नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. २४ लाखांच्या जमेपर्यंत कर शून्य होऊ शकत असेल, तर उत्पन्न लपवून लहान दंतवैद्य नेमके काय वाचवतो? उत्तर आहे, काहीही नाही. उलट बरेच गमावतो. गृहकर्जाची रक्कम दाखवलेल्या उत्पन्नावर ठरते. मुदतीच्या विम्याचे संरक्षण त्यावरच मिळते. आणि ज्याचा विचारही नकोसा वाटतो ते म्हणजे पुणे वा विजयपूरच्या महामार्गावर अपघात घडला, तर न्यायाधिकरण कुटुंबाची भरपाई ठरवताना मृताची विवरणपत्रे पाहते. महिन्याला दोन लाख मिळवणाऱ्या डॉक्टरने कागदावर तीस हजार दाखवले असतील, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना त्या तीस हजारांच्या हिशेबानेच न्याय मिळतो. नऊ-दहा हजारांचा कर चुकवण्याच्या सवयीने घातलेला हा खड्डा कोणत्याही सिमेंटने भरत नाही.

मधली वर्षे: भेटवस्तू, सौंदर्य आणि संसार

चाळिशीच्या आसपास व्यवसाय स्थिरावतो आणि प्रश्नांचे स्वरूप बदलते. साहित्य कंपन्या मोठ्या खरेदीवर परदेश सहल वा मोफत उपकरणे देऊ करतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरील व्यावसायिक लाभांवर दहा टक्के कर कापण्याची तरतूदही लागू झाली. म्हणजे ‘फुकट’ सहल आता डॉक्टरच्या उत्पन्नात नोंदली जाते. कर भरावा लागतो तो वेगळाच, आणि रुग्णाच्या तोंडात कोणत्या कंपनीचे साहित्य बसवायचे याचा निर्णय कशावर झाला, हा प्रश्न उरतो तो वेगळाच.

दुसरा मुद्दा वस्तू व सेवा कराचा. आरोग्यसेवा या करातून मुक्त आहे. पण जन्मजात दोष, अपघात वा इजा यांमुळे बिघडलेले रूप पूर्ववत करणे सोडून केलेली सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया त्या सवलतीत बसत नाही. दात पांढरे करणे, हास्य खुलवण्यासाठी पातळ कवच बसवणे हे उपचार कोणत्या बाजूला मोडतात, हा वादाचा विषय आहे. लग्नसराईत अशा कामांची मागणी वाढते. अनेकांना वाटते, सौंदर्योपचाराची जमा दोन-तीन लाखच आहे, २० लाखांची मर्यादा फार दूर आहे. पण नोंदणीसाठीची उलाढाल मोजताना करमुक्त सेवांची जमाही धरली जाते. १९ लाखांचे नियमित उपचार आणि दोन लाखांची करपात्र सेवा मिळून मर्यादा ओलांडली जाते. निव्वळ करमुक्त सेवा देणाऱ्याला मात्र नोंदणीची गरज नाही. तेव्हा या सेवांचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवणे हेच हिताचे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्यानुसार भरावयाचा वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय करही असाच विसरला जातो. रक्कम किरकोळ, पण थकबाकीवरचे व्याज आणि नोटीस यांचा ताप मोठा.

पती-पत्नी दोघेही दंतवैद्य असणे ही आता सर्वसामान्य गोष्ट आहे. एकाच दवाखान्याचे सारे उत्पन्न एकाच्या नावावर दाखवणे हे सोयीचे, पण तोट्याचे. जोडीदाराला दिलेला पगार कायदा साधारणतः देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. परंतु जोडीदाराकडे व्यावसायिक पात्रता असेल आणि मोबदला त्या ज्ञानापोटीच असेल, तर तो त्याचे स्वतंत्र उत्पन्न ठरतो. बरोबरीने काम करणाऱ्या डॉक्टर पत्नीच्या नावावर विवरणपत्रच नसणे, ही कराची चूक आहेच आणि तिच्यावर अन्यायही आहे. पुढे तिला स्वतःच्या नावावर कर्ज, विमा वा निवृत्तीची पुंजी उभी करायची झाली, तर कागदोपत्री ती कधी कमावतीच नव्हती असे ठरते.

व्यावसायिक दायित्वाच्या विम्याचाही येथे उल्लेख करायला हवा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी व्ही. पी. शांता प्रकरणातील निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्या. या विम्याचा हप्ता व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होतो. तो टाळण्यात बचत नाही, जुगार आहे.

हात थांबतात तेव्हा

दंतवैद्याची मिळकत त्याच्या मानेवर, पाठीवर आणि मनगटावर उभी असते. वाकून काम करण्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीने हे तिन्ही आधार हळूहळू कुरकुरू लागतात. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची पगारी रजा नाही. एक महिना दवाखाना बंद राहिला तर जमा शून्य. भाडे, पगार आणि हप्ते मात्र चालूच. म्हणून किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज हाती येईल अशी ठेवणे, अपंगत्वाचे संरक्षण देणारा विमा घेणे आणि व्यवसायाचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवणे, या तीन गोष्टी कोणत्याही करसवलतीपेक्षा अधिक मोलाच्या आहेत. अग्रिम कराचे हप्तेही याच शिस्तीचा भाग. वह्या ठेवणाऱ्याने जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला, तर गृहीत उत्पन्नाची योजना घेणाऱ्याने १५ मार्चपर्यंत एकरकमी भरणा करावयाचा असतो. त्यासाठी दर महिन्याच्या जमेतील ठरावीक वाटा बाजूला काढला, तर मार्चमध्ये नव्या कर्जाची वेळ येत नाही.

अनेकांचा भरवसा दवाखान्याच्या जागेवर असतो. ‘म्हातारपणी विकू’ हा विचार वाईट नाही. पण ज्या मालकीच्या जागेवर वर्षानुवर्षे घसारा घेतला, ती विकताना होणारा नफा जागा तीस वर्षे बाळगली असली तरी अल्पकालीन मानला जातो. राहत्या घराच्या विक्रीचे गणित तिला लावणारा फसतो. शिवाय दवाखान्याची किंमत जागेत नसून रुग्णांच्या विश्वासात असते, आणि हा विश्वास रातोरात हस्तांतरित होत नाही. तरुण सहकाऱ्याला दहा वर्षे आधी भागीदार करून घेणारा डॉक्टर आपल्या कामाचे मोल वसूल करतो. शेवटच्या दिवशी कुलूप लावणारा फक्त जुन्या खुर्चीची भंगार किंमत घेऊन जातो.

धोरणाचे अपुरेपण

सारा दोष व्यावसायिकांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. नव्या करपद्धतीत नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि मालकाने निवृत्तिवेतन योजनेत भरलेल्या, वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या रकमेची सूटही मिळते. स्वयंरोजगारी दंतवैद्याला स्वतःच्या म्हातारपणासाठी भरलेल्या रकमेवर त्याच पद्धतीत एक रुपयाचीही वजावट नाही. ज्याच्यामागे मालक नाही, त्यालाच निवृत्तीच्या बचतीचे प्रोत्साहन नाकारणारी ही रचना तर्काला धरून नाही. पन्नास टक्के खर्चाचे सरसकट गृहीतकही असेच आहे. साहित्य आणि यंत्रे यांवर चालणाऱ्या व्यवसायाला आणि निव्वळ सल्ल्यावर चालणाऱ्या व्यवसायाला एकाच मापाने मोजले जाते. त्यात रोखीची पाच टक्क्यांची अट जोडली की सवलतीचा लाभ महानगरांकडे आणि अनुपालनाचा भार सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहरांकडे जातो. दवाखान्यावरील हा भार अखेर उतरतो तो मिश्रीने हिरड्या गमावलेल्या विडी कामगार स्त्रीच्या फीमध्ये किंवा तिने पुढे ढकललेल्या उपचारात.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती जे आहे ते तरी करावे. दंत महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षात लेखा आणि करविषयाची आठ-दहा व्याख्याने ठेवली, आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी परिषदांतील एखादे सत्र नव्या यंत्रांऐवजी ताळेबंदासाठी राखून ठेवले, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या, दुखेपर्यंत थांबू नका, असे दंतवैद्य प्रत्येक रुग्णाला बजावतात. स्वतःच्या हिशेबांच्या बाबतीत मात्र त्यांच्यापैकी अनेकजण दुखेपर्यंत थांबतात. तोवर कीड मुळापर्यंत पोहोचलेली असते.